चिमूटभर गॅडोलिनियम

विसरलेली शाल आणायला मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले, तर तिथं एक नवे मास्तर जमिनीवर फतकल मारून खलात लाल पूड घोटत बसलेले. नाकावर लाल, कानावर लाल.

"चिंतामण गणपतीला शेंदूर लावून आलात का, सर?"

"लोखंडाचा गंज आहे हा. नुसतं हसण्यापेक्षा जरा घोटू लागा."

बस्... मी अडकले. त्यांचं नाव अरविंद मुळ्ये. गंजात निकेलची भुकटी मिसळायची, वड्या पाडायच्या, भट्टीत भाजायच्या, की फेराइटचं चुंबक तयार. त्यात ते गॅडोलिनियम नावाची दुर्मिळ पांढरी पूड चिमूटभर घालत.

"एवढ्याशानं काय फरक पडणार?"

"कधी कधी... एवढ्याशानंच पडतो," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या हातातला बत्ताच निसटला.

एकदा मी आगाऊपणानं भट्टी लवकर उघडली आणि वडी तडकली. ते रागावले नाहीत. "भट्टी आपणहून निवू द्यायची असते, विनोदिनीबाई. घाई केली की तडा जातो. असू दे, दुसरी पाडू." तेव्हा मला तो शहाणपणा फार आवडला होता. आता त्याचाच राग येतो.

त्याच थंडीत मध्य भारत राज्य गेलं आणि मध्य प्रदेश आलं. वड्यांचं चुंबकत्व मोजायला त्यांना मुंबईला जायचं होतं. ग्वाल्हेरहून मिळायची ती परवानगी आता भोपाळहून यायची, आणि ती काही येईना. इकडे बाबांनी इंदूरचं स्थळ आणलं.

"रविवारी मला बघायला येतायत," मी सांगितलं.

त्यांचा हात खलातच थांबला.

"तुम्ही या ना घरी. बाबा काही खाऊन नाही टाकणार."

"माप हाती येऊ दे. नोकरी पक्की होईल, मग ताठ मानेनं येतो. आत्ता घाई केली तर—"

"तडा जाईल. माहीत आहे."

रविवारी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले, तेव्हाही माझे कान दाराकडेच होते. कुणी आलं नाही.

परवानगी अखेर आली. चैत्रात ते मुंबईहून परतले ते थेट आमच्या माधवनगरच्या घरी. आईनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "विनूचा साखरपुडा झाला हो परवा," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

"मिळालं माप?" मी विचारलं.

त्यांनी एक काळी वडी माझ्या तळहातावर ठेवली. "गॅडोलिनियमनं ओढ जरा कमी होते. पण... एकदा धरलेलं चुंबकत्व ती सहजासहजी सोडत नाही."

"त्या दिवशी वडी तडकली, तेव्हा आपण दुसरी पाडलीच ना, सर?"

"चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले.

मला त्यांचा हात धरून रडायचं होतं. "पेढा खा," मी म्हटलं.

इंदूरचा संसार चांगला झाला, खोटं कशाला बोलू? ती वडी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. सुया तिला चिकटून बसतात. मी एकेक सोडवते, आणि मग उगीचच परत लावून ठेवते.