भिंतीकडे तोंड

एर्सिलियाच्या आईने संत आंतोनियोच्या मूर्तीला पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

"आता काय गुन्हा केला बिचाऱ्यानं?" ब्रेड कापता कापता एर्सिलियाने विचारलं.

"ऐकत नाही मेला. काम करेल तेव्हा वळवीन, अंगठ्याला थुंकी लावून तोंडही पुसून देईन." आईला धाप लागली. "तुझ्या त्या लाल औषधालाही असंच फिरव म्हणते मी!"

मिलानच्या ज्या प्रयोगशाळेत एर्सिलिया नोकरीला होती, तिथे याच औषधावर काम चालायचं. मातीतल्या एका सूक्ष्मजीवाने बनवलेलं, लाल रंगाचं. त्याने आईची गाठ वितळत होती आणि हृदयही थकत होतं. आणखी एक डोस हृदय सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. न द्यावा, तर गाठ होतीच.

प्रयोगशाळेतल्या कपाटात त्या औषधाच्या रेणूची लाकडी मण्यांची प्रतिकृती होती. चार सपाट कड्या डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसायच्या. गुंता सोडवायला धागा कापणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, मग तो पुन्हा जोडता येत नसे. कापलेलं कापलेलंच राही, पेशी मरून जाई. कड्यांच्या बाजूला साखरेचं एक लहान कडं लोंबत असे.

एके सकाळी त्या साखरेवरचा एक मणी फिरलेला दिसला. खालचा वर.

"ग्वाल्तिएरो, हा उद्योग तुझा?"

"बाईसाहेब, उंदरांचे पिंजरे धुतो तेवढं पुरे आहे मला," मदतनीस म्हणाला. "तुमच्या मण्यांना हात लावायची माझी काय छाती!"

तिने मणी सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. तिने कपाटाला कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली.

मणी वरच.

तोवर आईने अंथरूण धरलं होतं. सूप भरवताना ती पुटपुटली, "फार घट्ट आहे गं तो. बोटं दुखतात."

"कोण, मम्मा?"

आईने डोळे मिटून घेतले. चमचासुद्धा न पेलणारी तिची बोटं चादरीवर काहीतरी फिरवत होती.

एर्सिलियाने दुसऱ्या दिवशी हट्टाने मणी सरळ केला, कुलूप ओढून पाहिलं. त्याच दुपारी आई गेली.

दफन उरकून ती कामावर परतली. कपाट उघडलं. मणी वर होता.

या वेळी तिने तो तसाच राहू दिला. आणि तसाच, एक टोक फिरवलेला, रेणू बनवायला घेतला.

त्यात हिवाळा सरला.

"बाईसाहेब!" ग्वाल्तिएरो धावत आला. "गाठी आटल्या, आणि उंदीर बघा, कसे हुंदडताहेत! हृदयं ठणठणीत!"

ती हसली. मग कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडली. आईला हे मिळालं नाही.

संध्याकाळी तिने घराचं दार उघडलं. आई गेल्यापासून संत भिंतीकडेच पाहत होता. त्याला वळवायचा तिचा धीर झाला नव्हता.

तो खोलीकडे तोंड करून उभा होता.

अंगावर धूळ तशीच होती. फक्त चेहरा पुसलेला.

तिने गालाला बोट लावलं. ओला होता.