कुंकवानं बसलेला उजवा कान

सेव्हन हिल्सच्या सिग्नलला राजनंदिनीची स्कूटी थांबली, अन् पुढच्या मोटारसायकलवरचं घोंगडीतलं गाठोडं हळूहळू डावीकडं कलायला लागलं. दोरी सुटली होती. गडी मात्र लाल दिव्याकडं असा बघत बसलेला, जणू दिवा त्याला काही देणं लागतो.

"ओ पाव्हणं, तुमचं कोकरू उतरायला निघालंय."

तो वळला, अन् वळता वळता गाठोडं घसरलं. तिनं बसल्या जागेवरूनच दोन्ही हातांनी झेललं. घोंगडीतून कॉम्प्युटरचा काळा डबा डोकावला. दोघांची बोटं एकाच दोरीवर आली… आपली काढून घ्यायला तिनं जरा उशीरच केला.

"लई उपकार झाले," तो म्हणाला. "तसंबी अर्धं मेलेलंच हाय हे. उजव्या बाजूनं आवाजच येत नाय. टीव्ही सेंटर चौकातल्या दुकानात कुण्या अर्धवट माणसानं फुकटचं लिनक्स का काय ते सॉफ्टवेअर भरून दिलं. त्यालाच जाब विचारायला चाललोय."

राजनंदिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुकान तिच्या मामाचं होतं, अन् लिनक्स भरणारी ती स्वतः. पण पाचोडच्या बागायतदाराची लेक ती, सिग्नलवर चिडायची नाही. गोड हसली.

"चला की. मीबी तिकडंच निघाले. त्या माणसाला माझेबी दोन शब्द सुनावायचेत."

दुकानात शिरल्यावर ती सरळ काउंटरमागं गेली, खुर्चीत बसली अन् म्हणाली, "हं. विचारा जाब."

पोराचा चेहरा असा उतरला की तिला त्याची दयाच आली. दया आली म्हणजे पुढचं काय ते आलंच.

त्याचं नाव गोकुळ. करमाडचा, मेंढरवाल्या घरातला. त्याचा बाप सांडू धनगरी ओवी म्हणायचा. ओवी एकट्याची नसते. म्हणणाऱ्यामागं कुणीतरी झील धरायची, म्हणजे शेवटचे शब्द उचलून परत म्हणायचे. झील नसली की ओवी म्हणजे बिनमिठाचं पिठलं. बापाची ओवी रानात रेकॉर्ड केलेली, झील मागून घरात. हेडफोनच्या डाव्या कानात बाप ठेवला होता, झील उजव्या. आता दोन्ही तुकडे जुळवायचे, तर उजवा कानच बहिरा.

"उद्या पहाटं आबा मेंढरं घेऊन निघत्यात," गोकुळ म्हणाला. "मग पाऊस लागल्यावरच घरी. त्यांचा खोकला वाढलाय, मॅडम. पुढल्या साली गातील का नाय… एकदा त्यांना पुरी ओवी ऐकवायची हाय. आजच."

राजनंदिनीनं बाह्या सरसावल्या. आधी हेडफोन बदलून पाहिला. तोच ताल. मग आवाजाची चाचणी लावली. कॉम्प्युटरातली बाई डाव्या कानात "फ्रंट लेफ्ट" म्हणाली, अन् उजव्याची पाळी आली की गप्प.

"रुसली वाटतं," गोकुळ हळूच म्हणाला.

"कशी रुसणार नाय? तिला फुकटची म्हणालात तुम्ही."

डाव्या-उजव्याचा तोल बघितला, मधोमध होता. काळ्या पडद्यावर आवाजाच्या दोन पट्ट्या उघडल्या, दोन्ही सारख्या भरलेल्या. सेटिंग एका बाजूचं तर नाही? नाही, स्टिरिओच होतं. आवाजाची सगळी यंत्रणा बंद करून परत चालू केली. ढिम्म. तिच्या कपाळावर घाम आला. आपल्याला पदर असता तर पुसला असता, अशा नजरेनं गोकुळ बघत होता, अन् ते तिला दिसत होतं.

शेवटी तिनं डब्यामागच्या हिरव्या भोकातून हेडफोनची पिन उपसली. पिनेचं टोक लालभडक.

"परवा खंडेनवमीला ह्याची पूजा झाली का?"

गोकुळनं कपाळाला हात लावला अन् फोन स्पीकरवर टाकला. "आये, कॉम्प्युटरला कुंकू तू लावलंस?"

"मग कोण लावील, तुझी बायको?" भागूबाईचा आवाज दुकानभर घुमला. "विळ्याला लावलं, कुऱ्हाडीला लावलं. हे तुला कमवून देतंय, मग ह्यानं काय पाप केलं?"

"अगं, पण भोकात…"

"मावशी, भोकात नाय लावायचं," राजनंदिनी मधी पडली. "कान बसतो त्याचा."

तिकडून लगेच प्रश्न आला. "ही कोण?"

"दुकानातल्या मॅडम हायेत, आये."

"लग्न झालंय का तिचं?"

गोकुळ फोन बंद करायला धडपडला, तर फोनच खाली पडला. राजनंदिनी वाकली अन् जमिनीवरल्या फोनला शांतपणे म्हणाली, "नाय झालं, मावशी."

"मग घेऊन ये रं तिला सांजच्याला. माझ्या कुंकवाला नाव ठेवणारी बघू दे मला."

काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून तिनं भोक साफ केलं. पिन खोचली. "फ्रंट राइट," बाई म्हणाली.

मग उजव्या कानात एक आवाज उमटला… खोल, ओलसर, काळजाला हात घालणारा.

"झील कुणाची ही?"

"माझीच."

"बोलताना एवढं चाचरता, अन् गाताना…"

"गाताना समोर कुणी बसलेलं नसतंय."

"आता बसलंय की," ती म्हणाली, अन् दोघंही पडद्याकडं बघायला लागली. झील जिथं मागं पडायची तिथं ती पुढं ओढायची, तो थोडी मागं सारायचा. माऊस एक, हात दोन. ओवी जुळली.

उतरत्या उन्हात जालना रोडवर मोटारसायकल पळत होती. मधी घोंगडीतला डबा, मागं राजनंदिनी.

"आबा विचारतील," तो मान वळवून म्हणाला, "कशाला आलात म्हणून. काय सांगू?"

"सांगा, मुलगा बघायला आलेय. पोरीला बघायला माणसं येत्यात ना? तसंच. घर बघीन, मेंढरं बघीन. सासूची जीभ तर ऐकलीच, माझ्या तोडीची हाय. तुमचे आबा ओवी ऐकून हसले, तर माझ्या आबांना मी फोन लावीन."

"अन् नाय हसले तर?"

"तर परत जुळवू. पहाटंपर्यंत वेळ हाय."

घराशेजारी मेंढरं दाटीनं बसली होती. सांडूनं फेटा काढून हेडफोन चढवला, डोळे मिटले. भागूबाई नवऱ्याकडं नाही, पोरीकडं बघत होती, नखापासून केसापर्यंत. सांडूची बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली. झील आली… मिशीखाली काहीतरी हललं, अन् म्हातारा दात नसलेल्या तोंडानं लेकरागत हसला.

गोकुळनं तिच्याकडं बघितलं. तिनं फोन कधीच कानाला लावला होता.

"आबा," ती म्हणाली, "उभे असाल तर आधी बसून घ्या."