गाडी लागणारी मुलगी

पहिल्याच भेटीत मी ओंकारच्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकले. प्रेमाची सुरुवात काही अशी करत नाहीत, पण आमची झाली.

पुण्याहून नगरला परतत होतो, कामरगावचा घाट लागला होता. कोरोनाचं वर्ष. एसटी बंद, आमच्या नेहमीच्या ड्रायव्हरने हात वर केलेले, म्हणून सुप्याचा हा मुलगा आला होता. कामाला होता ती कंपनी बंद असल्यामुळे चुलत्याची गाडी चालवायचा. त्याने गाडी कडेला घेतली, पाण्याची बाटली दिली आणि मी चूळ भरेपर्यंत मान वळवून उभा राहिला.

"गाडी लागती व्हय तुमाला?"

मागच्या सीटवर इंदूआत्या आडवी झाली होती. साठीची, गुडघ्यांनी बेजार, दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून चेहरा उतरलेला. ओंकारने तिलाच पेशंट ठरवलं होतं. किमो घेऊन आले होते मी. पण त्या वर्षी डोक्याला स्कार्फ आणि तोंडाला मास्क सगळ्याच मुलींच्या होता, त्याला तरी कळणार कसं?

मी आत्याकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे.

"हो," मी म्हणाले. "फार लागते."

खोटं बोलले, आणि कित्येक दिवसांनी मला हलकं वाटलं. घरात सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलायचे. मला संसर्ग नको म्हणून मैत्रिणींना घरात बंदी. दवाखान्यातल्या समुपदेशक ताई फोनवर विचारायच्या, "मन कसं आहे, भार्गवी?" मी "मजेत" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पुढचा डोस घ्यायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. घरी सांगायचं तेवढं बाकी होतं.

"पुढल्या खेपंला आवळासुपारी आनू का?" आम्हाला दारात सोडताना त्याने विचारलं.

"आणा," मी म्हणाले... आणि बोलून बसले. आता जाणं आलं.

मग तो दर खेपेला आवळासुपारी आणू लागला. मला पुढे बसवायचा, "रस्त्याकडं बघा" म्हणायचा. घाटात गाडी इतकी हळू चालवायचा की उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून जायचे. त्याच्या आईने, चांगुणाबाईंनी, आत्यासाठी नाचणीची आंबील पाठवली. आत्याने बिचारं तोंड करून दोन पेले रिचवले.

"तुमचं लई अवघड हाय बघा," एकदा तो म्हणाला.

"का?"

"सासर चालत जायच्या अंतरावर बघावं लागंल. न्हाई तर नवरी वरातीत लिंबू हुंगत बसायची."

"आणि तुमचं? इतक्या हळू गाडी चालवलीत तर मुहूर्त टळून जाईल."

मास्कच्या वर त्याचे डोळे हसले. ते डोळे मला रात्री आठवायचे, आणि मग भिंतीकडे तोंड करावंसं वाटायचं नाही.

ताईंचा फोन आला तेव्हा मी "मजेत" म्हटलं नाही. "भीती वाटते," म्हणाले. "एका मुलाला कळेल याची. कळलं की तोही दबक्या आवाजात बोलेल."

"आज पहिल्यांदा खरं बोललीस," ताई म्हणाल्या. "आता त्याच्याशीही बोल."

शेवटचा डोस झाला. परतताना तोच घाट आला.

"मला गाडी लागत नाही," मी म्हणाले. "कॅन्सर आत्याला नाही... मला आहे." आणि स्कार्फ सोडला.

त्याने गाडी थांबवली. उतरला आणि आमच्याकडे पाठ करून कठड्यावर बसला. मागे आत्या झोपेचं सोंग घेऊन पडली होती. संपलं, मला वाटलं.

बऱ्याच वेळाने तो आला, माझ्या खिडकीशी उभा राहिला. डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीसारखाच मोठा.

"मी येड्यावानी आवळासुपारी देत ऱ्हायलो, आन तुमी खात ऱ्हायलात!"

"आवडायची मला."

"बऱ्या व्हाल ना?"

"माहीत नाही. तीन महिन्यांनी तपासणी आहे."

"मला बी म्हाईत न्हाई," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघतच राहिला. "कान लई बारीक हायेत तुझे. स्कार्फात कळलंच न्हाई."

तुझे... माझे ते बारीक कान गरम झाले.

तो गाडीत बसला, पण चावी फिरवली नाही.

"म्हंजी, गाडी लागतच न्हाई."

"अजिबात नाही."

"मग चालत जायच्या अंतराची अट ऱ्हायली न्हाई." तो समोर रस्त्याकडे बघत होता. "सुप्याला... येशील?"

"लांब आहे," मी म्हणाले. "पण येईन. गाडीने."

मागून आत्या उठून बसली. "मग आता जरा जोरात चालव रे बाबा. मी काही पेशंट नाही."