पपनसाच्या रसातलं औषध

“हात लावू नकोस त्या बाटलीला!” मंजुळाने तुळसाच्या हातातली मापाची नळी हिसकावून घेतली. “स्वतःचं अंग चिरून भावाला किडनी दिली मी... आणि तुला चार रेघांचं माप धड भरता येत नाय?”

खाटेवर तुळसाचा नवरा रघु बसला होता. त्याचे हात इतके थरथरत होते की पाण्याचा पेलाही त्याला धरवेना.

१९९६ चा ऑक्टोबर होता तो. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून बहिणीची किडनी रघुच्या शरीराने नाकारू नये म्हणून हे तेलकट औषध रोज दोनदा द्यावं लागे. मापायची तुळसाच. आणि आता रक्तात ते दुप्पट निघालं होतं... किडनी निकामी होत चालली होती. माजिवड्यातल्या त्या आगरी घरात दोष दुसऱ्या कुणाकडे जाणार?

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरांनी तुळसाला एकटीलाच आत बोलावलं, माप भरून दाखवायला सांगितलं. तिने तीनदा भरलं. तिन्ही वेळा अगदी रेघेवर.

“माप बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले. “कशात मिसळून देता?”

“दुधातून उलटी व्हायची. तुम्हीच म्हणालेलात, संत्र्याच्या रसातून द्या. रोज संत्री कुठून आणणार? दारातलं पपनसाचं झाड गणपतीपासून नुसतं लगडलंय. मंजुळाताई स्वतः सोलून रस काढतात, सकाळ-संध्याकाळ...”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“पपनस आजपासून बंद. शरीर एरवी यातलं बरंचसं औषध मोडून टाकतं. या रसाने ते मोडणं थांबतं आणि तेवढंच माप दुप्पट चढतं. आम्हालाही हे अलीकडेच कळलंय. किडनी किती सावरेल, सांगता येत नाही.”

म्हणजे ती निर्दोष होती! क्षणभर तुळसाच्या डोळ्यांत पाणी तरारलं... आणि मग दाराच्या फटीतून तिला बाकावर बसलेली मंजुळा दिसली, कुशीतल्या व्रणावर हात दाबून. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, आईविना रघुला वाढवणारी, शेवटी स्वतःतला तुकडा काढून देणारी ही बाई... आपल्याच हाताने त्याला काय पाजलं हे तिला कळलं, तर ती जगेल?

“डॉक्टर साहेब, त्यांना नका सांगू!”

ती बाहेर आली.

“काय म्हणाले?”

“माझंच माप चुकत होतं, ताई. आणि त्यांना आंबट बंद सांगितलंय. रससुद्धा.”

मंजुळाने तिथेच, सगळ्यांदेखत, तिच्या थोबाडीत मारली.

फेब्रुवारी १९९८ मध्ये रघु गेला. तुळसाने नवऱ्याला मारलं, असं मंजुळा घरोघर सांगत राहिली. हळदीकुंकवाची बोलावणी तर संपलीच होती, नळावरच्या बायकाही तिला पाहून बोलणं थांबवू लागल्या. एकाच छपराखाली दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या.

पुढच्या वर्षी मंजुळा स्वतःच्या तपासणीसाठी इस्पितळात गेली. तिथे पेशंटसाठी मराठीत पथ्याचा नवा फलक लागला होता. चौथी शिकलेली मंजुळा तो बोट ठेवून वाचत होती. एका ओळीवर बोट थांबलं.

दुपारी ती तुळसाच्या दारात येऊन उभी राहिली.

“पपनस... तुला ठावं होतं?”

तुळसाने मान खाली घातली.

“इतकी वरसं मी तुझं नाव नासवलं गो! एक अक्षर बोलली नायस?”

“तुम्ही मायेनं पाजलंत, ताई.”

“म्हणजे माझ्या मायेनंच मेला तो, नाय?” मंजुळा किंचाळली. ती वळून चालू लागली.

“कुठं चाललात?”

“जिथं जिथं सांगितलंय तिथं.”

“नका, ताई! लोक तुम्हाला...”

“बोलूंदे. तुला बोलले ना?”

तुळसाने चपला घातल्या आणि तिचा दंड धरून तीही निघाली. पहिलं घर जाईबाईंचं होतं. त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या.

“जाईबाय, माझ्या भावाला मी मारलं. हिनं नाय.”

जाईबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “ऊन लागलंय का गो हिला?” त्यांनी तुळसाला विचारलं.

तुळसाने मंजुळाचा दंड सोडला नाही. मंजुळा ओटीच्या पायरीवर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.