जाळीच्या आतली बाग

बेंगळुरूमधल्या यशवंतपूरच्या त्या गल्लीत तानूबाईंचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण त्या सकाळी तो ऐकून लोक तोंडातला ब्रश न काढताच धावले. मागच्या अंगणात, जाळीच्या आत, त्यांच्या सगळ्या कोंबड्या मरून पडल्या होत्या. कोंबडाही. आणि भोवती विषारी कण्हेरीची हिरवीगार पानं.

सब-इन्स्पेक्टर कावेरी पोचली तेव्हा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू अजित जिन्यात अडकला होता. खाली चिडलेली गल्ली, वर त्याची रडणारी बायको स्मिता.

“ह्यालाच आत घाला! काल माझ्या कोंबड्याला धमकावलंय ह्यानं!” तानूबाई गरजल्या. “कण्हेर ह्याच्याच कुंडीत आहे. दुसरीकडं कुठं दिसली तर दाखवा!”

“काल कोंबड्याला काय म्हणालात?” कावेरीनं अजितला विचारलं.

“मान मुरगळीन म्हणालो. माझा कॉल चालू होता, हा मध्येच आरवतोय. रागात बोलतो माणूस.”

“कुंडी कुठं असते?”

“इथंच, जिन्यात. येता-जाता कोणीही पानं तोडेल.”

कावेरी मूळची निपाणीची. घरात मराठी, ठाण्यात कन्नड आणि दोन्हीकडं डोकं तापट. अजितला जीपमध्ये कोंबलं असतं तर गल्ली खूश झाली असती. पण पोलीस केस झाली की पुण्याहून आलेल्या या मुलाची नोकरी गेलीच, हे तिला कळत होतं. शिवाय गर्दी ओरडून सांगते त्यावर तिचा कधीच विश्वास बसत नसे. ती जाळीत शिरली.

बाग मात्र दृष्ट लागण्यासारखी होती. तानूबाईंनी ती प्रांजली नावाच्या, बागा सजवणाऱ्या मुलीकडून करून घेतली होती. कोंबड्यांनी चोच मारली तरी बाधणार नाहीत अशीच झाडं निवडलेली: जास्वंद, झेंडू, पुदिना, गवती चहा, तुळस. प्रत्येकाच्या बुंध्याशी दगडांचं कडं आणि बुटकं कुंपण. बाकी जमीन उघडीबोडकी.

“एवढे दगड कशाला, अक्का?”

“नाहीतर राहील काय?” तानूबाई फणकारल्या. “अहो, कोंबड्या मुळं उकरतात. हिरवं दिसलं की फडशा! कोथिंबिरीच्या काड्या टाका, स्वल्प वेळात मागमूस राहत नाही.”

कावेरीनं खाली वाकून कण्हेरीची पानं पाहिली. एकालाही चोच लागलेली नव्हती. मग तिची नजर जास्वंदीखालच्या तुळशीवर गेली. कोंबड्या जास्वंदीच्या फांद्यांवर बसत, त्यामुळं खाली सगळीकडं शीट पडलेली. तुळशीभोवतीची जागा तेवढी झाडून लख्ख. माती ओली. तिथं कण्हेरीचं एकही पान नाही.

“आज इथं कुणी झाडलं?”

“कोण झाडणार? मेलेल्या बघितल्या नि मी किंचाळले.”

मागच्या दारात तानूबाईंची नणंद कमला उभी होती. नवरा गेल्यापासून ती इथंच राहत होती. नुकतीच न्हालेली, तोंडात स्तोत्र.

“तुम्ही आत गेला होता का?” कावेरीनं विचारलं.

“छी! त्या घाणीत मी पाऊल टाकत नाही.”

इतक्यात जनावरांचे डॉक्टर योगीराज आले. त्यांनी एका कोंबडीच्या गळ्याची पिशवी फाडली. आत भात होता आणि त्याला काळी पूड लागलेली. “उंदराचं औषध,” ते म्हणाले. “काल संध्याकाळी पोटात गेलं असावं. पान एकही नाही.”

कावेरी बूट न काढताच तुळशीपाशी गेली आणि तिनं बुंध्याला हात घातला.

“हे झाड पुराव्यासाठी उपटून नेते.”

“हात लावू नका!” कमला किंचाळली. “पारोशा हातांनी, बूट घालून! तिच्यासाठीच तर मी...”

पुढचे शब्द तिनं गिळले, पण उशीर झाला होता.

“पुरं करा वाक्य,” कावेरी म्हणाली. “नाहीतर मी करते. हिरवं दिसलं की कोंबड्या फडशा पाडतात. मग ही पानं अख्खी कशी? पानं पडली तेव्हा खायला कुणी जिवंतच नव्हतं. विष भातातून गेलं. पानं फक्त अजितवर ढकलायला. तो स्वतःच्याच कुंडीतली पानं पसरून मोकळा होईल, इतका खुळा नाही. तुम्ही संध्याकाळी भात टाकला, सकाळी पानं पसरली. पण शीट पडलेली तुळस तशी टाकून जाववेना. झाडलीत, पाणी घातलंत. आता सांगा, पाऊल टाकलं नाही म्हणून.”

“कितीदा सांगितलं हिला, तुळस बाहेर काढ!” कमला तानूबाईंवर उसळली. “रोज देवीच्या डोक्यावर कोंबड्या हगतात. हिला बागेची हौस!”

एवढे जीव घेताना जिला काही वाटलं नाही, ती आता एका तुळशीसाठी भांडत होती. कावेरीला तिची किळस आली.

तानूबाई पायरीवर बसल्या. “मॅडम, घरातली गोष्ट आहे. तक्रार मागं घेते.”

“अजितनं केलं असतं तर घेतली असती?”

तानूबाईंनी जाळीकडं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “सरी, ठीक आहे. लिहा. कमलाचं नाव लिहा.”

“वैनी!”

“वैनी म्हणू नकोस मला.” मग त्या जिन्याकडं वळल्या. “अजितअण्णा, चुकलं माझं. सगळ्यांदेखत सांगते.”

“ऐकलं,” अजित म्हणाला. “आम्ही आजच खोली सोडतोय.” त्यानं स्मिताचा हात धरला आणि दोघं वर सामान बांधायला गेली.

तानूबाईंनी त्यांना थांबवलं नाही. कमलालाही त्या परत घेणार नव्हत्या; त्यांच्या घरात आता त्यांच्याशिवाय कुणीच राहणार नव्हतं.