तीन वार डाळिंबी

"वहिनी, हा तुकडा तुझ्या कपाटात कसा आला?"

हेमाचा आवाज चढला नव्हता. उलट तो इतका खाली उतरला होता, की पलंगावर साड्यांच्या ढिगात बसलेल्या प्रेमलताच्या हातातली घडी अर्धवटच राहिली. हेमाच्या एका हातात तिनं पुण्याहून जिवापाड जपून आणलेला डाळिंबी शालू होता आणि दुसऱ्या हातात तीन वारांचा एक तुकडा… तोच रंग, तीच कुयऱ्यांची किनार, तीच जर! खालच्या कप्प्यातल्या जुन्या उशीच्या अभ्र्यातून तो सून नूपुरनं आत्ता काढला होता. बिचारीला काय ठाऊक, की आपण सासूच्या काळजालाच हात घातलाय!

खरं तर किती आनंदाची सकाळ होती ती! हेमाच्या सानिकाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मुलगा वेदांत इथलाच, कोलकात्यात तीन पिढ्या मुरलेल्या मराठी घरातला. म्हणून लग्नही इथंच ठरलं होतं. "भाची माझ्या घरातून बोहल्यावर चढेल," असं प्रेमलतानं नणंदेला स्वतः फोन करून सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून डमडमच्या या चार खोल्यांत ती वाऱ्यासारखी फिरत होती. नवरीच्या कपड्यांना कपाट हवं, म्हणून तिनं आपलं कपाट रिकामं करायला घेतलं.

आता प्रेमलताचं कपाट म्हणजे काय, हे सांगायलाच हवं. सदतीस वर्षांच्या संसारात त्यात साड्या येतच गेल्या होत्या, बाहेर मात्र फारशा गेल्या नव्हत्या. मुंजीतल्या, बारशातल्या, वास्तुशांतीतल्या आहेराच्या साड्या! प्रत्येकीच्या घडीत कोणी दिली त्याची चिठ्ठी, म्हणजे पुढे कोणाला देताना ज्याची त्यालाच परत जायला नको. या चिठ्ठ्यांच्या बाबतीत बाई भलत्या काटेकोर. पण स्वतःच्या पसंतीची साडी शोधायला गेलात, तर ढिगात हात घालून दमाल. दार लावायचं तर गुडघा टेकवावा लागे, आणि कोलकात्याच्या दमट हवेनं आतल्या निम्म्या साड्यांना वास धरला होता.

नूपुरनं सकाळी पलंगावर तीन गठ्ठे पाडले. ठेवायच्या, द्यायच्या, आणि विचार करायच्या. नूपुर इथंच वाढलेली, तिचं मराठी अधूनमधून लंगडायचं, पण मुलगी डोक्यानं तरतरीत. एकेक साडी वर धरून ती एकच विचारायची, "आई, ही तुम्हाला आवडते का?"

पहिल्या दहा साड्यांना प्रेमलता भलतीच उत्तरं देत राहिली! ही अमक्या वन्संनी दिलेली, ही टिकाऊ आहे, ही अजून बरी आहे… तिच्यापाशी सगळी उत्तरं होती, एवढं एक सोडून. साठ वर्षांच्या बाईला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. मग हळूहळू तिला गंमत वाटू लागली. "नाही आवडत!" असं ती चक्क मोठ्यानं म्हणू लागली, आणि द्यायच्या साड्यांचा गठ्ठा उशांच्याही वर गेला. सासूसुना हसत होत्या… आणि नेमका तेव्हाच तो अभ्रा निघाला.

"बोल ना, वहिनी!" हेमानं तुकडा शालूच्या काठाला लावून धरला. "आईच्या शालूतला आहे ना हा? आई सहावारी नेसायची, म्हणून मला वाटलं शालूही सहावारीच. म्हणजे तो नऊवारी होता! तू तीन वार कापून ठेवलास आणि उरलेला मला दिलास. आईविना लग्नाला उभी राहिलेली पोर मी, आणि तिच्या आईच्या शालूवरही तुझी नजर गेली?"

प्रेमलतानं हातातली अर्धवट घडी खाली ठेवली.

काय सांगणार होती ती? एक वाक्य बोलली असती, तर स्वतः सुटली असती. पण त्याच वाक्यानं हेमाची आई तिच्यापासून दुसऱ्यांदा हिरावली गेली असती! आठ दिवसांनी सानिका 'आजीचा शालू' नेसणार होती. त्या पोरीच्या डोळ्यांतलं ते कौतुक आपल्या हातानं पुसायचं? छे! त्यापेक्षा चोर ठरलेलं बरं.

"चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली.

"चुकलं?" हेमानं तुकडा पलंगावर टाकला. "स्वतःचा शालू धड सांभाळता आला नाही, कसर लागली म्हणून फेकून दिलास. सुमनमावशी आजही हसते त्यावर. मी नेहमी तुझी बाजू घेत आले… आता नाही. हे लग्न या घरातून होणार नाही! सानिका दुपारी विमानतळावर उतरेल, तिला घेऊन मी सरळ हॉलजवळच्या गेस्टहाउसमध्ये जाते. दादाला सांग, लग्नाला यायचं तर एकट्यानं ये."

ती बॅग भरायला वळली. नूपुर भेदरून एकदा आत्याकडे आणि एकदा सासूकडे बघत होती. प्रेमलता मात्र तो तुकडा उचलून, नीट घडी घालून मांडीवर घेऊन बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. कुठल्या तरी गोष्टीची सवय झाली, की माणूस रडत नाही.

"हेमा, बॅग ठेव खाली."

दारात श्रीकांत उभे होते. बँकेत जन्म गेलेला, तोलूनमापून बोलणारा माणूस. घरात त्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. आज तो भिंतीला थडकला.

"अहो, नको!" प्रेमलता धडपडत उठली. "तुम्ही शपथ घेतलीय. आईंच्या फोटोसमोर घेतलीय!"

"घेतली होती. एकतीस वर्षं पाळली, आणि त्याचीच लाज वाटते मला." ते बहिणीसमोर येऊन उभे राहिले. "हेमा, आईचा शालू तू कधीच नेसली नाहीस. तो आईबरोबर गेला."

हेमानं बॅग खाली ठेवली.

"तू परीक्षेसाठी नागपूरला होतीस. आई पहाटे गेली. बाबा होते, म्हणजे आई सवाष्ण गेली. जमलेल्या बायका म्हणाल्या, सवाष्णीला शालू नेसवून पाठवायचं. हिनं ट्रंकेतून शालू काढला, स्वतःच्या हातानं आईला नेसवला, ओटी भरली. आईनं तो तुला कबूल केलाय, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं गं! दुसऱ्या दिवशी तू आलीस आणि हिच्या गळ्यात पडून म्हणालीस…"

"'आईचा शालू जपून ठेव,'" हेमा पुटपुटली. "'तो नेसूनच मी उभी राहीन, म्हणजे आई माझ्या अंगाशी असेल…'"

"हो. आणि ही म्हणाली, 'ठेवलाय.' तेवढं एक खोटं ही आयुष्यात बोलली. मग हिनं स्वतःचा शालू काढला. हिच्या आजीचा होता तो, हिच्या लग्नात आजीनं अंगावर घातलेला. रंग आईच्यासारखाच डाळिंबी, आणि आईचा तू ट्रंकेत घडी घातलेलाच पाहिलेला. नऊवारी! आई सहावारी नेसणारी, तुला संशय यायला नको, म्हणून बागबाजारच्या शिंप्याकडे गेली. मी बरोबर होतो. तो म्हातारासुद्धा कात्री हातात घेऊन दोनदा म्हणाला, 'बौदी, काटबो तो?' वहिनी, खरंच कापू का? ही म्हणाली, कापा. आणि कात्री चालली तशी ही रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. कसरबिसर काही लागली नव्हती हेमा! लोक हसले, सुमनमावशी हसली, मी ऐकत बसलो…"



हेमा सावकाश पलंगाच्या कडेला टेकली. शालूवरून तिची बोटं फिरत राहिली, जणू तो आज पहिल्यांदाच हाती आला होता.

"म्हणजे माझ्या लग्नात… माझ्या अंगावर तू होतीस?"

प्रेमलता कासावीस झाली. "मला क्षमा कर गं! माझ्याच हातानं घडलं. कुणाला विचारायला हवं होतं, तुझी वाट बघायला हवी होती… तुझ्या आईचा शालू मी जाळला, हेमा. तुझ्या तोंडाकडे बघून ते कसं सांगणार होते मी?"

आता हेमा पुन्हा ओरडेल, असंच तिला वाटलं. पण हेमानं तिचे दोन्ही हात धरले आणि एकतीस वर्षं अडून राहिलेला प्रश्न विचारला.

"वहिनी… कशी दिसत होती गं आई? मला शेवटचं दिसलीच नाही. कुणाला विचारायचं धाडसही झालं नाही."

आणि मग प्रेमलता बोलू लागली. कशी आईंची वेणी घातली, मळवट भरला, हातभर हिरवा चुडा चढवला. डाळिंबी शालूत त्यांचा गोरा चेहरा इतका शांत दिसत होता, की शेजारच्या बंगाली काकू पाया पडून म्हणाल्या, साक्षात लक्ष्मी निघाली! निऱ्या काही केल्या बसेनात, तेव्हा रडतारडता आपण म्हणालो, "आई, जरा सरळ व्हा ना," आणि आपल्याच बोलण्यानं कसं भडभडून आलं…

हेमा रडली. ओक्साबोक्शी, लहान मुलीसारखी, वहिनीच्या कुशीत शिरून रडली! आईचा शालू हरवल्याचं दुःख नव्हतंच ते. आई नववधूसारखी सजून गेली, हे ऐकून तिच्या मनातला कुठलातरी जुना सल निघून गेला होता.

"आई शालूशिवाय गेली असती, तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं," ती म्हणाली. "तू केलंस तेच योग्य होतं. चोर मी आहे, वहिनी. तुझं नाव मी चोरलं." आणि ती पायांवर वाकली.

प्रेमलतानं तिला अर्ध्यातच धरलं. नूपुर डोळे पुसत दोघींना पाणी द्यायला धावली आणि घाईत द्यायच्या गठ्ठ्याला अडखळून त्यावरच पडली, तेव्हा कुठे सगळ्यांना हसू फुटलं.

"हा शालू आता परत तुझ्या कपाटात ठेव," हेमानं घडी पुढे केली.

"वा गं! सकाळपासून रिकामं करतेय, आणि पुन्हा भरू?" प्रेमलतानं ती परत सारली. अंगात कधी नव्हता तो धीर गोळा करावा लागत होता तिला. "शालू सानिकाच नेसेल. पण हेमा, माझी एक अट आहे. आजवर मी कुणाला अट घातली नाही, आज घालते. तिला खरं सांगायचं. हा माझा शालू आहे, माझ्या आजीनं मला दिलेला. तो माझ्या नावानं नेसला जायला हवा. मला… मला आवडतो तो."

श्रीकांत बायकोकडे असे बघू लागले, की नूपुरला नजर दुसरीकडे वळवावी लागली.

दुपारी विमानतळावरून सानिका आली, आणि चहा होण्याआधीच हेमानं तिला सगळं सांगितलं. स्वतःचं चुकलं तेही, न गाळता. पोरगी ऐकताना नुसती मामीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मग उठली आणि पहिलं काय केलं असेल, तर तो तुकडा खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहिली. "मामी, याचं ब्लाउज शिवूया. नऊच्या नऊ वार मांडवात जातील!"

प्रेमलतानं मान डोलावली. दुसऱ्यांदा कात्री लागणार होती, पण या वेळी ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहणार नव्हती.

संध्याकाळपर्यंत कपाट आवरून झालं. प्रेमलतानं स्वतःसाठी बावीस साड्या ठेवल्या, एकूण एक मनापासून आवडलेल्या, आणि सगळ्या चिठ्ठ्या केराच्या टोपलीत गेल्या. कपाटाचं दार एका बोटानं लागलं. चार कप्पे नवरीसाठी मोकळे झाले. द्यायच्या साड्यांचे गठ्ठे नूपुरनं दुसऱ्या दिवशी सियालदहजवळच्या एका महिला-आश्रमात पोचवले.

लग्नाच्या दिवशी हॉल तुडुंब भरला होता. मुहूर्ताची घटका जवळ आली, अंतरपाट धरला गेला, आणि गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

प्रेमलता नेहमीच्या सवयीनं मागे, ओटीच्या ताटांपाशी उभी होती. श्रीकांत पुढे झाले. पण सानिका जागची हलली नाही.

"मामी कुठाय?"

"अगं, मामा पुरे असतात," कोणीतरी म्हणालं.

"मला मामी हवी," सानिकानं हात पुढे केला. हेमानंच मागे येऊन वहिनीच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिला अलगद पुढे ढकललं.

एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला मामी, आणि मध्ये डाळिंबी शालूतली नवरी! दोन्हीकडच्या खुर्च्यांवरच्या माना वळल्या. पहिल्या रांगेत सुमनमावशी बसल्या होत्या, चष्मा सावरत, वय झालं तरी डोळा कपड्यांवरच. नवरी जवळून जाताना त्यांनी शालूचा काठ चिमटीत धरला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजीचा गं हा?"

सानिका उत्तर द्यायला वळली. पण त्याआधीच प्रेमलता थांबली. मान वर केली. ज्या बाईला आवाज चढवायची सवयच नव्हती, तिचा आवाज अख्ख्या मांडवानं ऐकला.

"नाही मावशी, माझा आहे."