तीन घड्याळं आणि पिवळी टोपी

"सुधारली! पुन्हा वेळ सुधारली!" बेकरीवाले काका इतक्या जोरात ओरडले, की तलावाच्या काठावर वाळत घातलेले टॉवेलसुद्धा दचकले असतील.

पाण्यातून पिवळ्या टोपीतलं एक डोकं वर आलं. टोपीखाली कासव होती. हे नाव तिला तिचं पोहणं बघूनच मिळालं होतं आणि तेव्हा तिनं ते हौसेनं मिरवलंही होतं.

"बरं," कासव म्हणाली आणि टॉवेल घ्यायला गेली.

तिची दोन मावसभावंडं काठावर पाय सोडून बसली होती. थोरली तुफान, क्लबातली सगळ्यात जलद पोहणारी. धाकटा वकील, तो अजून कुठल्याच कोर्टात गेला नव्हता, पण घरातलं एकही वाक्य त्याच्या हरकतीशिवाय पुरं होत नसे.

"ताई, काहीतरी गडबड आहे," वकील कुजबुजला. "ती जलद पोहलीच नाही. एक पान तिच्या पुढे निघून गेलं."

"कसलं पान?"

"झाडाचं. तरंगत होतं बिचारं. घाईतही नव्हतं."

"रिलेतली तुझी जागा तिला मिळाली ना, म्हणून जळतोयस!"

"जळतोय तर जळतोय! पण पान पुढे गेलं की नाही?"

गेलं होतं. तुफाननंही ते पाहिलं होतं.

या क्लबाला एक पाठीराखे मंडळ होतं. सगळे आईबाप आणि शेजारीपाजारी, सगळे बिनपगारी. पोहणाऱ्यांपेक्षा पाठीराखे जास्त झाल्यामुळे एक टॉवेल समिती होती, एक केळी समिती होती, आणि या दोघींत समेट घडवणारी तिसरी समिती होती. अध्यक्ष होते बेकरीवाले काका. त्यांना स्वतःला पोहता येत नसे. भाषण करतानाही ते पाण्यापासून चार हात लांब उभे राहत.

मंडळाचं एक काम मात्र खरंच महत्त्वाचं होतं: वेळ घेणं. प्रत्येक पोहणाऱ्यासाठी तीन माणसं तीन घड्याळं घेऊन उभी राहत आणि तिन्हींतली मधली वेळ धरत. म्हणजे एकाचा अंगठा चुकला, तरी निकाल चुकायचा नाही. ही युक्ती इतकी पक्की होती, की तिच्याकडे कुणी वळून बघतच नसे.

घड्याळं होती काकांकडे, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आणि कासवच्या बाबांकडे. बाबा बस चालवत.

कासवची आई गेल्या वार्षिक परीक्षेच्या आधी वारली. तेव्हापासून कासव सगळं वेळच्या वेळी करत होती. जेवत होती, विचारलं की उत्तर देत होती. सकाळच्या गार पाण्यात बाकीची मुलं किंचाळत उतरत. कासव मात्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी आत जायची. बाबांचंही तेच. दोघं समोरासमोर बसून जेवत, आणि मीठ घालायचं राहिलंय हे दोघांच्याही लक्षात येत नसे.

"तुला वाटतं का गं, तू जलद झालीस असं?" कपडे बदलायच्या खोलीबाहेर वकिलानं विचारलं.

"मला काही वाटत नाही."

"म्हणजे नाही झालीस?"

"म्हणजे काहीच वाटत नाही." कासवनं टोपी पिळली. बरंच पाणी निघालं. "पण रविवारी रिले आहे. माझ्यामुळे बाकीची तिघं हरतील. ते नको. काय खरं, काय खोटं, एकदा कळू दे."

"मग आण ती टोपी इकडे!" तुफान म्हणाली.

पाण्यात दिसून दिसून डोकं तेवढं दिसतं, आणि टोपी-गॉगल चढवल्यावर सगळी डोकी सख्खी भावंडं वाटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी टोपी घालून तुफान पाण्यात उतरली. पोहली कसली, दोरीवरून निसटलेल्या चादरीसारखी वाहत गेली! मध्ये थांबून तिनं कान खाजवला. एकदा निवांत शिंकली.

शेवटी तिनं भिंतीला हात लावला.

"सुधारली! पुन्हा सुधारली!" काकांनी गर्जना केली.

मग तुफानची लाल टोपी घालून कासव उतरली आणि होतं नव्हतं ते सगळं बळ लावून पोहली. तिन्ही घड्याळं बघून काकांचा चेहरा फसलेल्या पावासारखा बसला.

"तुफानला ताप आहे का रे?"

दोघींनी टोप्या काढल्या.

केळी समितीच्या एका सभासदाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"हरकत!" वकील म्हणाला. त्याला बाकी काही म्हणावंच लागलं नाही.

"मी आपला... घड्याळ थोडंसं लवकर दाबायचो," काका पुटपुटले. "पोरीला जरा बरं वाटावं म्हणून. म्हटलं, बाकीची दोन घड्याळं खरी आहेतच. दया केल्याचं पुण्य आपल्या पदरात, आणि निकालाला धक्का नाही!"

"अगं बाई!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मीही हेच म्हणत लवकर दाबत होते!"

"मला बरं नाही वाटलं," कासव म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. आज ढग आहेत, असं सांगावं तसं.

"हे दोघांचं झालं," वकील म्हणाला. "तिसरं घड्याळ?"

बाबा हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

"मी बघतच नव्हतो," ते म्हणाले. "काकांचा अंगठा हलला, की माझा हलवायचो. नुसतं पाणी दिसायचं. आत्ता पिवळ्या टोपीत तू नव्हतीस, तेही मला कळलं नाही. माझीच पोर."

कासवनं तुफानच्या हातातली पिवळी टोपी घेतली आणि डोक्यावर ओढली.

"मग आता बघा."

ती निघाली. बाबा काठाकाठानं तिच्याबरोबर चालू लागले, मान वाकडी करून, बूट भिजवत. घड्याळ दाबायला मात्र ते वेळेवर पोचले. तिन्ही घड्याळांनी एकमतानं वाईट वेळ दाखवली.

"डावीकडे सरकतेस तू!" बाबा म्हणाले. "आणि उजवा पाय मारतच नाहीस!"

"मारते!"

"नाही मारत. आत्ता बघितलं मी!"

"मारते म्हणतेय ना!" कासव ओरडली, आणि आपल्याच आवाजानं दचकली. मग तिचे दात वाजायला लागले. "बाबा! पाणी केवढं गार आहे!"

टॉवेल समितीला कपाटाची किल्ली सापडेपर्यंत बाबांनी अंगातला शर्ट काढून तिच्याभोवती गुंडाळलाही होता.

काकांनी चार हात लांबून भाषण केलं. मुलांनी मोठ्यांचे डोळे उघडले, असं ते म्हणाले. तिघांचीही तोंडभर स्तुती केली, आणि यापुढे शाबासकी देण्यासाठी एक समिती नेमावी अशी सूचना मांडली. रिलेतली जागा वकिलाला परत मिळाली. या एका गोष्टीला त्यानं हरकत घेतली नाही.

त्या दिवशी दुपारी घरी पहिला घास घेताच कासव थांबली.

"बाबा, यात मीठच नाही."

बाबांनी चव घेतली. पुन्हा एकदा घेतली.

"खरंच की," ते म्हणाले, आणि मीठ आणायला उठले.